आवाज नाही, पास

६ फेब्रुवारी

ही वही कानवालीने दिली. कान तपासणाऱ्या त्या पोरीचं लांबलचक पदनाम माझ्या मुलीला तोंडपाठ आहे. मला कानवाली पुरे. वहीत तिने स्वतःच्या हाताने तीन रकाने आखलेत: यंत्र किती तास घातलं, त्रास कुठे झाला, नव्याने काय ऐकू आलं. ‘काका, रोज लिहायचं हं,’ म्हणाली. एकतीस वर्षं मी पंख्यांचे आवाज ऐकून त्यांच्यावर सही करतोय आणि ही मला गृहपाठ देतेय. रकाने मी ओलांडणार आहे. वही तिला दाखवायची नाही हे तर ठरलेलंच आहे.

आमच्या कारखान्यात टेबलफॅन बनतात. तयार झालेला प्रत्येक पंखा माझ्या आवाजखोलीत येतो. खोलीच्या चारी भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत, दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. पंखा पूर्ण वेगात सोडायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या पाठीवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मोटारीच्या पोटात काय चाललंय ते हाडातून सरळ डोक्यात येतं. सगळं ठीक असलं की टॅगवर शिक्का: ‘आवाज नाही, पास.’ खाली माझी सही. मॅनेजर बदलले, मालक बदलले, ती सही बदलली नाही. कारखान्यात मला सगळे मास्तर म्हणतात.

अशा कानांना यंत्र लागलं ते मुलीच्या हट्टापायी. ‘बाबा, फोनवर मी एकच गोष्ट तीनदा सांगते.’ मी म्हटलं, एकदाच पण नीट सांग. हल्ली सगळीच माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला माझे कान काय करणार?

कानवालीने मला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक बारीक टूं टूं ऐकवलं आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं. मग एक कागद पुढे केला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ आली होती आणि उजवीकडे धाडकन खाली पडली होती. ‘खालचे, घुमणारे आवाज तुम्हाला छान येतात,’ ती म्हणाली. ‘वरचे, बारीक, तीक्ष्ण आवाज गेलेत. कारखान्यात आयुष्य काढलेल्यांचं बऱ्याचदा असं होतं. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. स, श, फ, थ असली अक्षरं वरच्या पट्टीतली असतात ना.’

‘मला सगळी अक्षरं येतात,’ मी म्हटलं. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

यंत्रं दोन, शेंगदाण्याएवढी. कानामागे बसतात, तिथून केसाएवढी तार कानात उतरते. आत म्हणे माइक आहेत आणि एक कॉम्प्युटर आहे. तो आवाजाचे पट्टे पाडतो, जे पट्टे मला कमी येतात तेवढेच वाढवतो, आणि भांडं पडलं की स्वतःहून आवरतं घेतो. ‘जुन्या यंत्रांसारखं सगळंच मोठ्याने ओरडून सांगत नाही,’ असं मोठ्या कौतुकाने म्हणाली. म्हणजे माझ्या डोक्यात काय जावं हे आता दोन शेंगदाणे ठरवणार.

तास: एक. त्रास: सगळीकडे. नव्याने ऐकू आलेलं: माझाच आवाज, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा.

८ फेब्रुवारी

कागद इतका आवाज करतो? वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कुणीतरी पत्रा फाडतंय असं वाटलं. माझ्या चपला दोन निरनिराळे आवाज काढतात. डाव्या चपलेची शिवण उसवली आहे हे आज कळलं. याला प्रगती म्हणतात.

जेवताना मी म्हणालो, ‘मीठ कमी आहे.’ बायको नळाखाली भांडं धरून पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, ‘आता जीभपण तपासून घ्या.’

घास तसाच राहिला. विचारलं, ‘काय म्हणालीस?’ ती गर्रकन वळली. माझ्या कानाकडे बघितलं आणि पदराने हात पुसत बसली. मी म्हटलं, ‘असं तू आधीही बोलायचीस?’

‘रोज,’ ती म्हणाली.

बारा-पंधरा वर्षं मी चारचौघांत सांगत आलोय की माझी बायको स्वभावाने शांत आहे.

तास: तीन. त्रास: वर लिहिला आहे.

१० फेब्रुवारी

पुठ्ठ्याबद्दल लिहायला हवं. पुठ्ठा म्हणजे आमचा पॅकिंगवाला. नाव मी ठेवलं, कारखान्याने उचललं. दिवसभर पुठ्ठ्याच्या पेट्या दुमडतो आणि चेहराही तसाच कोरा.

गेल्या पाच महिन्यांत एकतीस पंखे दुकानांतून परत आले. तक्रार एकच, पंखा शीळ घालतो. एकतीसही पंख्यांवर माझा शिक्का आहे. माझ्या खोलीतून मुका गेलेला पंखा दुकानात जाऊन शीळ घालायला लागला, म्हणजे वाटेत कुणीतरी तो आपटला. वाट पॅकिंगमधून जाते. पंखा पेटीत घालण्याआधी पुठ्ठा तो अर्धा मिनिट फिरवून बघतो, मान वळते की नाही एवढंच बघायचं असतं. पण त्याने भलतंच काही केलं, आणि पुरावाही गाढवाने स्वतःच ठेवला. परत आलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून खडूची फुली आहे. हे मीच शोधून काढलं आणि मॅनेजरला दाखवलं. मॅनेजरने त्याला तीन आठवड्यांपूर्वी घरी बसवलं. २४ तारखेला चौकशी आहे. माझा जबाब झाला की तो कायमचा बाहेर. त्याचं वय पन्नाशीच्या पुढचं, दुसरीकडे कुणी घेणार नाही. ते त्याने फुल्या मारण्याआधी बघायला हवं होतं.

कारण उघड आहे, माझ्यावरचा डूख. सप्टेंबरात तो एक पंखा घेऊन माझ्याकडे आला होता. मोटारीच्या झाकणावर खडूची फुली, तोंडाने काहीतरी चाललेलं, बोट पंख्याकडे. मी त्याच्यासमोर स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. लोण्यासारखी फिरत होती मोटार. फुली तळहाताने पुसली आणि म्हणालो, ‘तू पेट्या चिकटव.’ असं चार-पाच वेळा झालं. शेवटच्या खेपेला तो पॅसेजमध्ये माझ्यामागून आला आणि अगदी जवळ येऊन खालमानेने काहीतरी पुटपुटला. अशा लाचार पुटपुटण्याला मी उत्तर देत नाही. ‘बरं बरं’ म्हणालो आणि निघालो.

तास: चार.

१३ फेब्रुवारी

आज दूध का दूध, पानी का पानी झालं. मॅनेजरला म्हटलं, लोकांना माझ्या कानांची शंका असेल तर आता कानांत कॉम्प्युटर आहे, त्याच्या साक्षीने तपासतो. परत आलेले सगळे पंखे गोदामातून आवाजखोलीत आणवले. एकेक पूर्ण वेगात सोडला. यंत्र लावून ऐकलं, यंत्र काढून ऐकलं, हाडाने ऐकलं.

शीळ नाही. एकातही नाही. सुरू करताना सेकंदभर चीं होतं आणि लगेच विरतं. नवीन मोटार सुरू होताना थोडं कुरकुरायचीच.

म्हणजे दुकानदार खोटे, गिऱ्हाइकं खोटी, किंवा पुठ्ठ्याने पंखे असे आपटले की आता त्यांचा आवाजही बसला. काय ते मॅनेजरने ठरवावं. मी कागदावर लिहून दिलं: ‘आधुनिक श्रवणयंत्र लावून तपासले. शीळ आढळली नाही.’ खाली सही. कानवालीच्या शेंगदाण्यांचा एवढा तरी उपयोग झाला.

तास: सहा. त्रास: नाही. नव्याने ऐकू आलेलं: काही नाही, आणि तेच सिद्ध करायचं होतं.

१६ फेब्रुवारी

मुलगी आली होती. आमच्या बैठकीच्या खोलीत आमच्याच कारखान्याचा पंखा आहे, माझ्या सहीचा. मुलीने तो लावला आणि लगेच बंद केला. ‘आई, अजून हा तसाच?’ बायको म्हणाली, ‘घरात तपासनीस आहेत ना, त्यांनी पास केलाय.’ हे आता मला स्पष्ट ऐकू येतं, हे ती मुद्दाम विसरते.

मी पंखा लावला. सुरुवातीला चीं झालं. दोन सेकंदांत गेलं. मी म्हटलं, ‘बघा, गेलं.’

मुलगी हळूच म्हणाली, ‘बाबा, अजून वाजतंय.’

पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा चीं, पुन्हा शांतता. आठ-दहा वेळा केलं. दर वेळी चीं तेवढीच आणि तेवढ्याच वेळात गायब. पंखा माझ्याशी असा खेळ का करेल? बायकांना काय, एकीने म्हटलं की दुसरीला ऐकू येतं.

तरी मंगळवारी कानवालीकडे जायचंच आहे, तेव्हा विचारून घेतो.

१८ फेब्रुवारी

जाताना पिशवीत पंखा घातला. दवाखान्यातले बाकीचे म्हातारे बघत होते.

कानवालीने आधी वही मागितली. घरी राहिली म्हणून सांगितलं. पंखा लावला, तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ‘केवढी शीळ आहे हो ही!’ मी म्हटलं, मला दोनच सेकंद येते. यावर तिला मोठा आनंद झाला. तिने माझा हात धरून तळवा कानावर झाकला. यंत्र चिरकलं, आणि लगेच गप्प झालं.

‘बघा,’ ती म्हणाली. ‘यंत्राचा वाढवलेला आवाज बाहेर फुटून पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरला की यंत्र शीळ घालतं. पूर्वी लोक याच कारणाने यंत्रं खणात टाकून द्यायचे. आता आतला कॉम्प्युटर लक्ष ठेवून असतो. एकाच सुरात, न थांबता काही वाजायला लागलं की त्याला वाटतं ही माझीच चूक, आणि तो तेवढं पुसून टाकतो. बोलण्याला हात लावत नाही, कारण बोलणं सारखं बदलत असतं. पण बासरी, कुकरची शिट्टी, तुमचा हा पंखा... ती त्याला स्वतःची चूक वाटते.’

मी म्हटलं, ‘दुसऱ्याची चूक स्वतःची समजतो? कॉम्प्युटर भलताच मूर्ख आहे.’

‘काका, उलट समजणारी माणसं जास्त बघते मी,’ ती म्हणाली आणि कॉम्प्युटरवर टिकटिक करू लागली. जिभेला हाड नाही.

‘आणि यंत्र काढलं की अजिबात का येत नाही?’ मी विचारलं. तिने तो पहिला कागद पुन्हा काढला आणि रेघ जिथून खाली पडते तिथे पेन टेकवलं. ‘ही शीळ इथे आहे. इथे तुम्हाला यंत्राशिवाय काहीच नाही.’

‘हाडातून?’

‘हाडातूनही नाही. बिघाड आत आहे. हाडातून घरघर येईल, शीळ नाही येणार.’

तिने माझ्या कानाचा साचा घेतला; यंत्राचा आवाज बाहेर फुटू नये म्हणून त्यावरून घट्ट बसणारा तुकडा बनवायचा, तो यायला दोन दिवस. मग ते पुसणं बंद केलेला एक वेगळा कप्पा यंत्रात टाकून देईल, बटण चार वेळा दाबलं की चालू. फक्त तपासणीपुरता वापरायचा म्हणाली.

किती वर्षांपासून असेल, हे मी विचारलं नाही. ती आपणहून म्हणाली, ‘आठ-दहा वर्षं तरी असेल.’

२० फेब्रुवारी

कानात घट्ट बसणारा तुकडा मिळाला, यंत्रात तो कप्पाही टाकून झाला. तिथून थेट गोदामात गेलो. आवाजखोली नको वाटली.

चार वेळा बटण दाबलं. पहिला पंखा लावला. शीळ. थांबली नाही. मी थांबायची वाट बघत उभा होतो. दाताच्या मुळाशी सुई टोचावी तशी ती वाजत राहिली आणि मला पंखा बंद करायचं सुचलं नाही.

एकतीस पंखे. एकतीस शिळा. एकतीस फुल्या.

मग पुठ्ठ्याने घरी बसण्याआधी भरलेल्या, विक्रीला जायच्या राहिलेल्या पेट्या उघडल्या, पंचेचाळीस. दोन झाकणांना आतून फुली होती. ते दोन लावले, शीळ. बाकीच्या त्रेचाळिसांत एकही नाही. फुली तिथे शीळ, शीळ तिथे फुली. पॅकिंगमधल्या गोंगाटात, अर्ध्या मिनिटात, मोकळ्या कानांनी त्याने ते पकडलं होतं. मला गाद्या ठोकलेली खोली लागते.

चार पंख्यांच्या मोटारीच्या झाकणावर पांढरा फराटा अजून आहे. माझ्या तळव्याएवढा.

एकदा फुली पुसल्यावर तो पंखा अडवायची त्याची प्राज्ञा नव्हती, तपासनीस मी होतो. म्हणून त्याने झाकणाच्या आत खूण केली आणि पेटी बंद केली. आणि मी ती खूण शोधून त्याच्याच गळ्याला बांधली.

तास: लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी

यंत्रं डबीत ठेवली. घर कसं छान शांत झालं.

दिवसभर एकच विचार करतोय. १३ तारखेचा माझा कागद मॅनेजरकडे आहे. मी गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. यंत्र लावूनही शीळ येत नाही म्हणून लिहिलंय, आणि तेव्हा ते खरंच होतं. खोटं मी बोललेलो नाही. एवढं सगळं बरोबर जुळतंय, तरी जेवण जात नाही.

बायकोला सांगितलं. ती समोर येऊन बसली, माझ्या तोंडाकडे तोंड करून, सावकाश बोलली. यंत्र नसताना ती माझ्याशी अशी बोलते हे माझ्या आज लक्षात आलं. ‘घरातला पंखा शीळ घालतोय म्हणून मी दोन वर्षं सांगतेय. तुम्ही म्हणालात, तुझेच कान नाजूक आहेत.’

‘मग जोरात सांगायचं होतंस.’

‘जोरात बोललं की म्हणता, ओरडतेस.’

मी उठून यंत्रांची डबी उघडली.

२४ फेब्रुवारी

चौकशी. मॅनेजर, दोन कामगार प्रतिनिधी, मी आणि टेबलाच्या त्या बाजूला पुठ्ठा, इस्त्रीच्या शर्टात. यंत्रं घातली होती. आज एकही शब्द सुटायला नको होता.

मॅनेजरने विचारलं, ‘फुल्या कशाला मारल्या?’

‘शीळ होती.’

‘मास्तरांना सांगितलं?’

‘हो. पाच वेळा.’

‘ते काय म्हणाले?’

‘पास आहे म्हणाले.’

एका प्रतिनिधीने चांगला प्रश्न विचारला, मी त्याला आजवर बिनडोक समजत होतो. ‘मास्तरांना ऐकू आली नसेल, असं तुला वाटलं का?’

पुठ्ठ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. ‘ते मी कसं सांगू,’ म्हणाला.

त्याला एवढंच सांगायचं होतं आणि तो सुटला असता. सांगितलं नाही. नोकरी गळ्याशी आली असताना हा माणूस गप्प का बसला, मला कळेना. मूर्खच म्हणायचा.

मग मी उभा राहिलो. १३ तारखेचा कागद मागून घेतला आणि सगळ्यांसमोर फाडला. एकतीस आणि दोन, फराटे, बटण चार वेळा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘शीळ मला येत नव्हती. कैक वर्षं येत नाहीये. पंखे मी पास केले. ह्याने पकडले आणि मी पुसले.’ आवाज पिंपातून आल्यासारखाच येत होता, पण थरथरत होता हे यंत्राने नेमकं पोचवलं.

मॅनेजर खाकरला. म्हणाला, ‘मास्तर, असं करू, ग्रीसचा माल खराब होता म्हणून लिहू. ह्यालाही परत घेऊ. तुमचं दीड वर्ष राहिलंय, उगाच कशाला?’ हा माणूस चांगुलपणा करत होता आणि मला त्याची किळस आली. ग्रीसने कुणाला घरी बसवलं नव्हतं. मी म्हटलं, जे झालं तेच लिहा, नाहीतर मी माझ्या अक्षरात लिहून नोटीसबोर्डावर लावतो.

लिहिलं. पुठ्ठा उद्यापासून कामावर. आवाजखोलीत नवा माणूस येईपर्यंत मी स्टोअरमध्ये स्क्रू मोजायचे.

पुठ्ठा मला एक शब्द न बोलता निघून गेला. शरम वाटली, हे या वहीत लिहायला हरकत नाही, कारण ती मी कुणाला दाखवणार नाही.

३ मार्च

आठ दिवस लिहिलं नाही. स्टोअरमध्ये लिहिण्यासारखं काही घडत नाही. स्क्रू डब्यात पडताना वेगवेगळे वाजतात, एवढंच.

आज पॅकिंगमध्ये गेलो. तो पेटीला चिकटपट्टी मारत होता, पाठमोरा. मी मागे उभा राहिलो. नाव घेऊन हाक मारली. त्याचं खरं नाव मला हजेरीच्या रजिस्टरमध्ये बघावं लागलं होतं.

तो वळला नाही. मी म्हटलं, ‘एक विचारायचं होतं. सप्टेंबरात पॅसेजमध्ये तू मला काहीतरी म्हणाला होतास. मी बरं बरं म्हणालो. काय म्हणाला होतास?’

पट्टी चर्र करत निघाली. त्याने ती दातांनी तोडली, पेटीवर अंगठ्याने घासून बसवली. आणि मागे न वळता, खालमानेने, सप्टेंबरात बोलला असेल तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला, ‘म्हणालो होतो, मास्तर, कान एकदा दाखवून घ्या. मी कुठे बोलणार नाही.’

त्याने पुढची पेटी ओढली.

‘तुम्ही बरं म्हणालात,’ तो म्हणाला. ‘म्हणून मग नाही बोललो. सरका जरा, पेट्या ठेवायच्यात.’

मी सरकलो.

तास: चौदा. त्रास: कानांना नाही. नव्याने ऐकू आलेलं: वर लिहिलं आहे. अंतर चार हात, बोलणारा पाठमोरा, शब्द एकही सुटला नाही. उद्या वही कानवालीला नेऊन देणार आहे. सगळी.